कापसाआडचा डोळा

बुलढाण्याकडच्या उंद्रीत भिमाबाईचं घर म्हणजे पुढं स्लॅबची एक खोली, मागं टिनाचं सैपाकघर अन् त्याच्या मागं पडवी. तो स्लॅब टाकला बीटी बियाण्याच्या पहिल्या दोन-तीन सालांच्या कापसाच्या पैशावर. तेव्हा बोंडांच्या वजनानं पऱ्हाटी वाकून जायची. भिमाबाई दोन्ही हातांनी वेचायची, तोंड बोलण्यात अन् बोटं बोंडात, पण तिच्या ओटीत काडीकचरा म्हणून सापडायचा नाही. मग गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. तिच्या नवऱ्यानं, पुंजाजीनं, उभं पीक उपटलं अन् पुढच्या साली छातीत कळ येऊन तो बसल्या जागीच गेला.

एकुलता एक धम्मरत्न पुण्याला लागला. काम असं की, म्हातारी माणसं एकटी राहतात त्या घरांत यंत्रं बसवायची. माणूस हललं-चाललं की पोराच्या मोबाईलवर कळतं; चार तास काहीच हललं नाही की मोबाईल बोंबलतो. दुसऱ्यांच्या आयांना लावता लावता त्यानं एक संच आपल्या आईसाठी आणला. पुढच्या खोलीत, खाटेसमोरच्या भिंतीवर, खिळ्याला पांढरी डबी टांगली.

"हा काय डोळा हाय काय बे?" भिमाबाईनं विचारलं.

"डोळाच समज. फोटो नाही काढत, फक्त हालचाल पाह्यते. हे नीट चाललं तं तू इथं राह्य. नाही तं पुण्याले."

भिमाबाईला पुणं नको होतं. चौथ्या मजल्यावर महिनाभर राहून आली होती ती. सून मयुरी चांगली होती, पण दोघं सकाळी आठला कुलूप लावून निघायची. "अंगण नाही, वळखीचं कुत्रं नाही," असं ती शेजारणीला, सुगराबीला, सांगायची. म्हणून डोळ्याला ती सांभाळून असायची. सकाळी पुसायची. कुठं जायचं असलं तर आधी फोन करून पोराला सांगायची.

शेत सुगराबीचा पोरगा कलीम बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करत होता. त्या साली वेचणी झाली अन् कापूस नेहमीसारखा पुढच्या खोलीत आला, कारण गळत नव्हती ती तेवढीच खोली. मागल्या साली भाव दहा हजारांवर गेला होता. यंदाही चढेल म्हणून गावात कोणीच विकला नाही. कापसाची गंजी वाढत गेली. भिमाबाईची खाट सैपाकघरात गेली. एक दिवस डोळा कापसात बुडाला, अन् ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

पहिल्यांदा पोराचा मोबाईल बोंबलला तेव्हा त्यानं सुगराबीला फोन केला अन् ती चपला न घालता पळत आली. भिमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"या अल्ला! तू तं जित्ती हाय वं!"

"मंग? मेल्यावर भाकरी थापू काय?"

दोघी हसल्या. दुसऱ्यांदा मात्र धम्मरत्न काम टाकून निघाला, जालन्यापर्यंत आला अन् फोन लागल्यावर तिथून परत फिरला. फोनवरच तो म्हणाला,

"कापूस विकून टाक, माय."

"भाव येईन रे."

"अजून एक डाव असं झालं, तं मी काही ऐकनार नाही. घराले कुलूप."

त्याच दिवशी भिमाबाईनं गंजीत हात घालून डबी काढली अन् मागच्या पडवीत टांगली. दुपारी ती तिथंच तर बसायची, डाळ निवडत. पडवीत बकरी बांधलेली असायची, पाठीशी दोन पिलं.

पंधरा दिवसांनी ती धाड गावच्या बाजाराला गेली अन् पोराला सांगायची विसरली. तरी दिवसभर पोराचा फोन नाही. सांजच्याला पडवीत उभी राहिली, उड्या मारणाऱ्या पिलांकडं पाहिलं अन् तिला उमगलं.

"सुगरा, बकरीच भिमाबाई झाली वं," ती म्हणाली.

"सांग पोराले. जागा बदलव."

"सांगतो. होळी होऊ दे."

होळी गेली. सांगितलं नाही. पोरगा आता फोनवर निवांत बोलायचा, अन् तिला तो तसा ऐकू यावासा वाटायचा.

चैतात एका सकाळी कापूस आतून तापला की काय म्हणून ती स्टुलावर चढून गंजीत हात खुपसायला गेली. स्टूल सरकलं. गंजी अन् भिंत यांच्या मधल्या फटीत ती पडली. मांडीच्या वर कड्कन् आवाज झाला. तिनं हाका मारल्या, पण कापसानं भरलेल्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही. मारलेली हाक तिची तिलाच दबकी ऐकू येत होती. मोबाईल चुलीजवळ होता. सात वाजले असतील. सुगराबी ताक घेऊन आली तेव्हा तीन वाजले होते.

धम्मरत्न दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात आला तो थेट पुण्याहून. खुबा मोडला होता. तो खाटेजवळ बसला, मोबाईल काढला अन् आईला वाचून दाखवू लागला.

"सात वाजता हालचाल. आठ वाजता. नऊ वाजता. दहा वाजता तं मी सोबतवाल्याले म्हनलं, माय आज लई फिरून राह्यली." त्याचा अंगठा पडद्यावर सरकत राहिला. "मीच नीट नाही बसवलं, माय. लोकायच्या घरात दोनशे बसवले. तिथंबी असंच असन काय? कोन कोन पडलं असन?"

सुगराबीनं भिमाबाईकडं पाहिलं. भिमाबाईनं मान वळवली. गप्प राहिलं तर पोरगं हे ओझं जन्मभर वाहील. सांगितलं तर घर गेलं.

"धम्मा," ती म्हणाली, "तुह्यं काही चुकलं नाही. मीच काढलं ते भिंतीवरून. पडवीत लावलं, बकरीपुढं. मले मालूम होतं."

त्यानं मोबाईल खाली ठेवला. "काऊन, माय?"

"पुण्याले नव्हतं यायचं मले."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, अन् मग तेच पुन्हा सारखं केलं.

"कापूस भाव येईन तेव्हा कलीम विकन," भिमाबाई म्हणाली. "डाक्टर मले उभं करतीन तवा घेऊन चाल. मयुरीले सांग, माय येऊन राह्यली."