डोंगरगढपर्यंतची गोळी

पुंडलिक निखाडे छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. ते निवृत्त झाले आणि मग रेल्वेने गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे मानाचं नाव आलं तेव्हा हे दुर्गजवळच्या जुनवानीच्या घरी पोहे खात बसलेले. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते सांगत. आठवड्यातून दोनदा तरी सांगत.

घरी बसणं त्यांना जमेना. गाडी नव्हती, मग सत्यभामाबाईंचा स्वयंपाक हीच गाडी झाली. चहा चार मिनिटं लेट, वरण सात मिनिटं लेट, आणि प्रत्येक लेटचं कारण एका जुन्या जर्नलात लिहायचं. गार्डाच्या जर्नलात तसा रकानाच असतो: गाडी कुठे खोळंबली, किती आणि का. सिग्नल, इंजिन, रुळावर गुरं, काय असेल ते. सत्यभामाबाईंनी महिनाभर सोसलं. मग एक दिवस झारा हातात घेऊन म्हणाल्या, "तुमी कुठंतरी डूटी पाहा बाप्पा. नाहीतर मीच नागपूरले निघून जातो."

ड्यूटी मिळाली रुआबांध्यात. शेजारची नूतन तिथल्या एका केंद्रात नर्स होती. भाड्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे शटर, मागे अंगण आणि अंगणात बदामाचं झाड. जे लोक नशेची सुई टोचून घेतात त्यांच्यासाठी हे केंद्र. तिथे दोन कामं चालत. ज्याला सुई सोडायची त्याला रोज एक गोळी, नर्सच्या डोळ्यांदेखत. त्या गोळीने अंग मोडून येत नाही, तलफ निवते, माणूस कामावर जाऊ शकतो. आणि ज्याला अजून सुटत नाही त्याला कोऱ्या सुयांचं पाकीट, म्हणजे निदान दुसऱ्याची सुई टोचून त्याचा रोग तरी घेऊ नये. वापरलेल्या सुया परत घ्यायच्या आणि जाड डब्यात बंद करायच्या. गोळीचं पुंडलिकरावांना पटलं. सुयांच्या पाकिटाला मात्र ते हात लावत नसत. "हे म्हंजे बिगर तिकीटवाल्याले आपनच शीट पुसून देनं झालं," असं त्यांचं म्हणणं. नूतन हसायची आणि पाकिटं स्वतः द्यायची.

त्यांचं काम दाराशी. दहाला शटर वर, बाराला खाली. मधल्या दोन तासांत आणखी एक काम होतं, आणि ते जरा विचित्रच होतं. नूतन गोळी कुटून जिभेखाली ठेवायची. मग दहा मिनिटं बसून राहायचं. बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही. शेवटी आ करून, जीभ उचलून दाखवायची. गोळी तोंडात लपवून बाहेर नेऊ नये म्हणून समोर कोणीतरी बसावं लागे. ते पुंडलिकराव.

आता सात-आठ माणसं तोंड मिटून बाकांवर बसली आहेत, बदामाच्या पानांतून हिवाळ्याचं ऊन त्यांच्या खांद्यांवर उतरतं आहे, आणि दहा मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. पुंडलिकरावांना हे कसं सोसावं? पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, पायाशी ठेवलेल्या जेवणाच्या डब्यावर मांडलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दुर्ग. सिग्नल झाला. सुटली."

मग रसमडा आलं. कारखान्यांच्या चिमण्या मागे पडल्या. मुढीपारला भाजीच्या टोपल्या घेऊन बाया चढल्या, आणि डब्यात ओल्या कोथिंबिरीचा वास भरला. वाटेत फाटक आलं की ते गोष्ट थांबवत आणि बोट उगारून बजावत, "फाटक बंद म्हंजे बंद. सायकल खालून काढाची नाही. मी असे लोक उचलून नेलेले पाहिले." मग पुन्हा आवाज खाली यायचा आणि गाडी पुढे सरकायची. परमालकसा. राजनांदगाव, तिथे कुल्हडातला चहा, वाफ खिडकीच्या गजांवर. पुढची नावं, बाकल, मुसरा, जटकन्हार, ते इतकी सावकाश घेत की वाटावं, इथेच उतरावं आणि त्या कापलेल्या धानाच्या शेतात आडवं व्हावं, उठूच नये. माणसं डोळे मिटून बसलेली असत. कोणाचा पाय आपोआप हलू लागे, रुळांच्या सांध्यांवरून चाक जातं त्या ठेक्यात. कोणाच्या चेहऱ्यावर असं काही येई की पुंडलिकरावांना वाटे, हा आता पाच-सहा वर्षांचा आहे आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून मामाच्या गावाला चालला आहे. शेवटी लांबून डोंगर दिसे, डोंगरावर देऊळ, आणि डोंगरगढच्या फलाटावर गाडी थांबे. गोळी तिथे बरोबर विरघळलेली असायची. दहा मिनिटं. एक सेकंद इकडे नाही, तिकडे नाही.

लोक त्यांना 'गार्ड साहब' म्हणू लागले. घरी जर्नल बंद झालं, ते केंद्रात आलं.

बबलू मेश्राम मात्र 'काका' म्हणे. चौतीस वर्षांचा, रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर. त्याचा बापही रेल्वेतच होता, गँगमन. बबलूची बायको मोना चार वर्षांच्या उर्वीला घेऊन आमगावला माहेरी निघून गेली होती. जाताना तिने आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, नव्वद दिवस सुईशिवाय काढ आणि ये, मी पोरीला घेऊन तुझ्याबरोबर परत येते. बबलू ते नव्वद दिवस बोटांच्या पेरांवर मोजत होता आणि रोज सकाळची पाळी मधेच सोडून, सायकल हाणत येऊन गोळी घेत होता.

"काका, रोज डोंगरगढलेच गाडी खतम?" तोंड मोकळं झालं की तो विचारायचा. "आगे भी तो जाती है ना. आमगाव कब आयेगा?"

"गोळी डोंगरगढले संपते. मी का करू?"

"थोडा धीरे घुलनेवाली गोळी मंगवाओ ना."

"हे पाय बबलू. एकोननव्वद दिवस डोंगरगढ. नव्वदाव्या दिवशी तुले आमगावच्या फलाटावर उतरवून देतो. गार्डाचा शब्द हाय."

बबलू पोरासारखा हसायचा आणि सायकलीवर टांग टाकायचा. पुंडलिकरावांना मूलबाळ नव्हतं. बबलूचे दिवस तेही मोजत होते, फक्त कोणाला सांगत नव्हते.

एकाहत्तराव्या दिवशी बारा वाजले, तरी बबलू आला नव्हता. पुंडलिकरावांनी शटर खाली ओढलं. घड्याळ खिशात ठेवायला गेले, तोच शटरवर थाप पडली.

"काका, मैं बबलू. खोलो ना."

बारा वाजून तीन मिनिटं. छत्तीस वर्षांत त्यांनी फलाटावरून धावत येणाऱ्या किती माणसांसमोर हिरवी झेंडी दाखवली असेल, त्याची गणती नाही. एकासाठी गाडी थांबवली तर आत बसलेल्या आठशे जणांनी काय पाप केलं, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं होतं.

"गाडी सुटली बबलू," ते आतूनच म्हणाले. आवाजात थोडी थट्टाही होती. "उद्या ये. टाइमावर."

बाहेर सायकलचं स्टँड वाजलं. नूतन मागे अंगणात हात धूत होती. तिला यातलं काहीच ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बबलू आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी नूतनने विचारलं तेव्हा पुंडलिकरावांनी सगळं सांगितलं. ती खुर्चीतच बसली.

"काका, मी मागंच होती. कपाटाची चाबी माह्या कमरेले होती." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "एक गोळी चुकली का संध्याकाळपासून हाडं फुटतात, नाक गळते, पोटात मुरडा येते. मंग थो मानूस सुईपाशीच जाते. कावून नाही उघडलं? तीन मिनिटं, काका!"

त्या दुपारी घरी त्यांना डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. कुठलंतरी लहान स्टेशन, पाटीवर नाव नाही. गाडी उभी. त्यांच्या हातात झेंडी, आणि हात काही केल्या वर होईना. फलाटाच्या टोकाकडून एक माणूस सायकल हातात धरून धावत येत होता, धावतच होता, आणि फलाट संपत नव्हता. जाग आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना लाज वाटत होती, अशी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी सत्यभामाबाईंना सांगितलं. वाटलं, बायको म्हणेल, जाऊ द्या, नियम होता.

सत्यभामाबाई चहा गाळत होत्या. "मी चार मिनिटं लेट झाली," त्या म्हणाल्या, "तरी तुमाले चहा भेटलाच ना? का मी उद्या या म्हनली?"

आणि कप त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्या थापेनंतर बाराव्या दिवशी खबर लागली की बबलू रसमड्याला, रेल्वेच्या जुन्या सायडिंगच्या मागच्या पडक्या शेडमध्ये बसलेला असतो. पुंडलिकरावांनी नूतनकडे हात पसरला. ती आधी समजलीच नाही. मग तिने सुयांचं पाकीट आणि रिकामा डबा त्यांच्या हातात दिला. पाकीट किती हलकं आहे, याचंच त्यांना नवल वाटलं.

शेडच्या पत्र्याला भोकं होती. त्यातून उन्हाच्या कांड्या आत उतरल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. बबलू भिंतीला टेकून होता. अर्धा झाला होता. डाव्या कोपराला सूज होती.

"काका?" तो म्हणाला. त्याची नजर पाकिटावर गेली. "तुमी तं याले हात नाही लावत."

"आता लावतो. जुन्या सुया या डब्यात टाक. दुसऱ्याची घेऊ नको. थो हात नूतनले दाखवाचा हाय."

बबलूने सुया डब्यात टाकल्या, एकेक करून. मग म्हणाला, "उस दिन फाटक बंद था, काका. मालगाडी खडी थी. वीस मिनट. सगळे सायकली खालून काढून राहिले होते. मीबी काढनार होतो. मंग तुमचं आठवलं."

पुंडलिकराव खाली बसले, तिथल्याच एका विटेवर. त्याने त्यांचं ऐकलं होतं. एवढंच त्याचं चुकलं होतं.

"माफ कर बाबू," ते शेवटी म्हणाले. "शटर आता उघडं राहीन."

"किती वाजेपर्यंत?"

"तू येईपर्यंत."

बबलू पत्र्याच्या भोकांकडे बघत राहिला. त्याला विश्वास बसला नसावा.

नूतनने एक वाजेपर्यंतची परवानगी काढली. रोज बारानंतर शटर कमरेइतकं वर असे आणि पुंडलिकराव त्याखाली स्टूल टाकून बसलेले असत, पाय उन्हात, डोकं सावलीत. घड्याळ खिशातच राहू लागलं. सकाळी ते आधी रसमड्याला जात, पाकिटं देत, डबा भरून आणत. तिथल्या शेडमधल्या आणखी चौघांना ते आता नावाने ओळखत होते. कोणाला काही उपदेश करत नसत. बबलूला तर मुळीच नाही. पाकीट द्यायचं, हात बघायचा आणि परत यायचं.

बबलूला शटरवरून परत पाठवलं त्याच्या बाविसाव्या दिवशी बारा वाजून चाळीस मिनिटांनी शटरखालून एक सायकल वाकून आत आली. मागून बबलू आला.

नूतनने त्याला तपासलं, शेवटची सुई कधी घेतली ते विचारलं, डॉक्टरांना फोन लावला. मग गोळी कुटली. बाकावर बबलू एकटाच होता. बदामाची दोन लाल पानं त्याच्या पायाशी पडली होती. समोर पुंडलिकराव बसले आणि म्हणाले, "दुर्ग. सुटली."

रसमडा गेलं. मुढीपारच्या बाया चढल्या. फाटक आलं तेव्हा या खेपेला बोट वर झालं नाही. राजनांदगावचा चहा झाला. बाकल, मुसरा, जटकन्हार. डोंगर दिसला, देऊळ दिसलं. बबलूने जीभ उचलून दाखवली. खाली काही उरलं नव्हतं. तो उठायला लागला.

"बस," पुंडलिकराव म्हणाले. "गाडी पुढं जाते."

डोंगरगढ सुटलं. पानियाजोब आलं, मग चढ लागला. इथे भारी मालगाड्यांना मागून दुसरं इंजिन लावतात, ते त्यांनी सांगितलं, सावकाश सांगितलं. बोरतलाव. दोन्ही बाजूंना जंगल, सागाची मोठी पानं, आणि मग बोगदा. बोगद्यात ते काहीच बोलले नाहीत. अंगणात फक्त पानं हलत होती. पलीकडे उजेड आला, दरेकसा आलं, सालेकसा आलं. धानोली. फलाटावर एक बाई उभी होती, तिच्या हाताला धरून एक लहान पोर होती, निळ्या स्वेटरमधली, आणि ती पोर गाडीच्या प्रत्येक खिडकीकडे बघत होती.

"आमगाव," पुंडलिकराव म्हणाले.

बबलूने डोळे उघडले नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही. "आज तं पयलाच दिवस हाय, काका. नव्वद कुठं झाले?"

"मले माहीत हाय."

तो गेल्यावर त्यांनी जर्नल काढलं, कोरं पान उघडलं आणि रेघा ओढल्या. खोळंब्याच्या रकान्यात लिहिलं: बावीस दिवस. कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं. छत्तीस वर्षांत तिथे त्यांनी सिग्नल लिहिला होता, इंजिन लिहिलं होतं, धुकं, गुरं, साखळी, सगळं लिहिलं होतं.

त्यांनी लिहिलं: गार्ड.