पानवेलीची ऊब

रहिमतपूरला आमच्या घरामागे एक छोटे पॉलिहाऊस आहे. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर जाड प्लास्टिक, आत दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढी जागा. ते आईच्या पानवेलीसाठी बांधले. मिरजेकडच्या मामाने पानमळा मोडून ऊस लावला, तेव्हा आईने तिथले बेणे ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीने आणले होते. मळा गेला. तिच्या माहेरच्या त्या वाणाची ही एकच वेल उरली.

पानवेलीला थंडी सोसत नाही. पान आधी पिवळे पडते, मग काळे, मग देठापासून गळते. आई त्यावर कोळशाच्या शेगडीचा उपाय करीत असे. शेगडी आत ठेवायची, दार लावायचे आणि आपणही तिथेच पाटावर बसायचे. मी वर्तमानपत्रात काम करतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशी बातमी बहुतेक हिवाळ्यांत माझ्या टेबलावर येते. आईला ते सांगितले.

"तासगावला थंडीत द्राक्षाच्या बागंत शेकोट्या करून धूर करत्यात. कोन मेलंय सांग."

"आई, बाग उघडी असते."

"मग दार उघडं ठेवती."

"मग ऊब कशी राहील?"

"तेच म्हनती मी. म्हनून तर लावती," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

यंदा थंडी सुरू होताना ती मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. सांगलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झाले. बहीण सांगलीतच राहते, ती आईजवळ थांबली. मी जाऊन-येऊन होतो. वेल माझ्याकडे आली आणि शेगडीचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला.

गॅसची शेगडी नको, कारण धोका तोच. पंख्याचा हीटर स्वस्त, पण वेलीला पाणी घालताना शिंतोडे उडतात. तेलाचा हीटर सुरक्षित होता, पण त्याचे विजेचे बिल महिनाभर परवडले नसते. शेवटी कोंबडीच्या पिलांच्या शेडमध्ये लावतात तो चिनी मातीचा हीटर घेतला. वीज कमी लागते आणि थंडी वाढली की तो आपोआप चालू होतो. करंट कुठे गळू लागला तर वीज तोडणारा स्विच दाराच्या आत बसवून घेतला. प्लास्टिकला आतून दुसरा थर दिला. दिवसा तापून रात्री ऊब द्यावी म्हणून पाण्याची दोन पिंपे ठेवली. निवड विचारपूर्वक होती. आजही मी तीच करीन. एक उणीव होती. त्या हीटरला उजेड नसतो. चालू आहे की बंद, हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

आत जाण्याचा नियम आईचा होता. पानमळ्यात पारोसे जायचे नाही, चपला घालून जायचे नाही. माहेरी तो सगळेच पाळत. दवाखान्याच्या खाटेवरूनही तिने बजावले, "हितनं जाशील तसा आत शिरू नगंस. आंगूळ कर, मग जा."

एका संध्याकाळी मी सांगलीहून परतलो. वारा बोचरा होता. पॉलिहाऊसपाशी गेलो, दाराच्या कडीला हात लावला. आंघोळ केलेली नव्हती. पाणी तापवायचे, आंघोळ करायची, पुन्हा बाहेर यायचे, याचा कंटाळा आला. नियम आहे, असे मनाशी म्हटले आणि घरात जाऊन जेवलो. त्या नियमावर माझा कधीच विश्वास नव्हता. आई गावाला गेली की मी चपला घालून आत जात असे.

सकाळी आत गेलो तेव्हा हीटर गार होता. दमटपणामुळे स्विचने वीज तोडली होती. त्याने त्याचे काम चोख केले होते. वरची सगळी पाने मऊ पडून लोंबत होती आणि कडांनी काळी झाली होती.

पुढच्या खेपेला आईने विचारले, "येल कशी हाय?"

"बरी आहे."

ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाली, "पेपरात हाय बगा आमचा. मुंगी मेली तरी पानभर लिवतोय, आन् येलीचं इचारलं की एक शब्द."

बाई हसल्या. बहीण माझ्याकडे पाहत म्हणाली, "दादा, फोटो तरी काढून आणायचास." मोबाइलचे चार्जिंग संपले होते, असे मी सांगितले.

आई घरी आली ती वॉकर घेऊन. पहिल्याच सकाळी बहिणीकडून आंघोळ घालून घेतली आणि अनवाणी पॉलिहाऊसमध्ये गेली. तोवर वेलीला पान उरले नव्हते. तिने नखाने कांडे खरवडले. आत तपकिरी. खालचे खरवडले. तेही तपकिरी.

"कवा झालं?"

मी दिवस सांगितला. स्विच पडल्याचे सांगितले. मग म्हणालो, "संध्याकाळी दारापर्यंत आलो होतो. आंघोळ झाली नव्हती, म्हणून आत गेलो नाही."

यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

तिने कांडे सोडून वॉकर धरला. मग म्हणाली, "आरं, थंडीनं मरत हुती तर पारोसा गेला असतास तरी चाललं असतं की. मला फोन करायचास. मी म्हनले असते, जा." आणि दाराकडे वळताना, "तू तरी काय करनार. मीच लय घोकून घेतलं."

तेव्हा बोलायला हवे होते. बहीण तिला धरून घरात घेऊन गेली आणि मी पिंपातले पाणी ओतून देत बसलो.

दुपारी मामाचा फोन आला. आईने त्याला सगळे नीट सांगितले. पडणे, ऑपरेशन, वेल. "माज्याच सोवळ्यानं गेली बग," ती म्हणाली. मामाने माझ्याबद्दल काही विचारले असावे.

"न्हाई, न्हाई," ती म्हणाली, "त्याला नगं बोलूस. पोरानं माझं ऐकलं."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. तिने फोन माझ्या हातात दिला. मामाने विचारले, कसा आहेस. मी म्हणालो, बरा आहे.