नारळावर हात ठेवलेली नणंद

पेडणे तालुक्यात कोण कुणाशी बोलत नाही, का बोलत नाही, आणि बोलत नसूनही कोण कुणाचं स्टेटस चोरून बघतं, हे सगळं बसल्या जागी सांगू शकेल असं एकच माणूस या पृथ्वीतलावर आहे, ते म्हणजे माझी धाकटी नणंद. पण सांगेल तर शपथ! घरात आम्ही तिला बाय म्हणतो. बाहेर ती डॉक्टर आहे, आणि ही डॉक्टर ताप-खोकल्याची नव्हे हे शेजारपाजारी समजावून सांगता सांगता माझे केस पिकले. मोबाइलवर माणसं एकमेकांना कशी जोडलेली असतात, एखादी बातमी कुठून निघते, कुणाकुणाच्या हातून फिरते आणि कुठे जाऊन दमते, याचा ती अभ्यास करते. "मोबाइल बघूक पगार कोण देता गो?" असं माझे सासरे तिला शेवटपर्यंत विचारत राहिले. त्यावर बाय म्हणायची, "देत नायत म्हणान तर लेक्चर बेसिसवर आसंय." कॉलेजात तासावारी शिकवायचं, उरलेल्या वेळात लोकांच्या फोनात डोकं घालायचं, आणि कायमच्या नोकरीची वाट बघायची, हीच तिची कित्येक वर्षांची दिनचर्या होती.

मी डिचोलीहून लग्न होऊन मांद्र्याला आले, तेव्हा ती नुकती एम.ए.ला होती. नव्या नवरीला नणंदा काय विचारतात? साडी कुठली, दागिने कुणी घातले. हिने माझ्याशेजारी फतकल मारली आणि विचारलं, "वयनी, तुझ्या म्हायारच्या ग्रुपात कोण नाय?" कोण आहे नव्हे, कोण नाही! मी भाबडेपणानं सांगत गेले. नार्व्याची मावशी नाही, म्हटलं. का नाही? तिला मोबाइल जमत नाही. मग मावशीच्या सुनेलाही जमत नाही का? नातवालाही नाही? अर्ध्या तासात हिने माझ्या माहेरचा नदीकाठच्या शेताचा तंटा मुळासकट उपटून बाहेर काढला. तो माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हता. मी तर पदराने तोंडच झाकून घेतलं.

तिच्या लेखी माणूस म्हणजे एक ठिपका, आणि ओळख म्हणजे एक रेघ. हे ठिपके ती कशावरही काढते. लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढते, बसच्या तिकिटावर काढते, मी भाकरी थापत असले तर ओट्यावर सांडलेल्या पिठातही काढते. एकदा मी विचारलं, "यात मी कुठे गो?" तिने एका ठिपक्यावर नुसतं बोट ठेवलं. त्यातून इतक्या रेघा निघाल्या होत्या की मला उगाच अभिमान वाटला. नंतर कळलं, तो ठिपका पोळीभाजीच्या टपरीवाल्याचा होता, बोट चुकलं होतं.

मोरजीच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालायला आली की आसपासची माणसं दोरीपलीकडे श्वास रोखून उभी राहतात. आम्हीही एका पहाटे गेलो. सगळ्यांचे डोळे कासविणीवर, आणि आमची बाय कासविणीकडे पाठ करून उभी! ती माणसांचे मोबाइलवर चालणारे अंगठे बघत होती. कासविणीचा खड्डा अर्धाही खणून झाला नव्हता आणि तिचा फोटो पेडण्याच्या बाजारात पोचला होता. बायला त्याचा कोण आनंद! परतताना मी विचारलं, "कासव कसं होतं?" तर म्हणते, "कुठलं?"

याहून कठीण प्रसंग आमच्या चुलत सासऱ्यांच्या बाराव्याचा. सालात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत, पाहुणे दाटीवाटीने बसलेले, आणि ही प्रत्येकाजवळ जाऊन हळूच विचारतेय, "तुमका कोणी कळयलां? फोनार की मेसेजार?" लोकांना वाटलं, पोरीचा काकांवर किती जीव! एका म्हातारीने तर तिला पोटाशी धरून हंबरडा फोडला. बाय तिच्या मिठीतूनच विचारत होती, "पण तुमका मेसेज कोणाचो इलो, आजी?"

सावंतवाडीकडचं एक स्थळही असंच घालवलं. मुलगा चांगला, नोकरीवाला. हिने चहाचा कप पुढे करत विचारलं, "तुम्ही आजवर कुणाकुणाला ब्लॉक केलंय?" मुलाच्या घशातला चहा नाकात गेला. त्याच्या आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो प्रश्न तिलाही पडलेला दिसला. पाहुणे पोहे टाकून गेले. मी डोक्याला हात लावला, तर बाय म्हणते, "वयनी, तो दोन फोन वापरता." कसं ओळखलं देव जाणे.

तिच्या अभ्यासाला एक नियम होता. भजनी मंडळाच्या, रापण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, टेम्पोवाल्यांच्या, बेळगावहून आलेल्या गवंड्यांच्या, अशा नाना ग्रुपांत ती त्यांना विचारून शिरलेली होती. पण तिथे एक अक्षर लिहायचं नाही. आपण बोललो की माणसं वेगळी वागायला लागतात, मग अभ्यास नासतो, असं तिचं म्हणणं. वाढदिवसाला कुणी केकचं चित्र पाठवलं तरी ही साधं धन्यवाद म्हणायची नाही. पुढे पुढे लोक ती तिथे आहे हेच विसरले.

आणि दुसरा नियम म्हणजे नावं फोडायची नाहीत. तसं कागदावर लिहून ती लोकांच्या सह्या घ्यायची. माझ्या ओळखीने ती नार्व्याच्या बचत गटात गेली, तेव्हा तिथल्या बायकांनी कागद बघूनच हात मागे घेतले. खाणीच्या मुलखातल्या बायका त्या, सही केली की काहीतरी हातचं जातं एवढं त्यांना पक्कं माहीत. त्या म्हणाल्या, आमची सही कशाला? तूच देवाकडे शब्द दे. आणि एकीने तिच्यापुढे नारळ ठेवला. बाय देवाधर्माची नव्हे. आता ही भाषण ठोकणार म्हणून मी पदर सावरून पळायच्या तयारीत. पण हिने चपला काढल्या, नारळावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमचां नाव माझ्या तोंडातसून भायर येवचां नाय." झालं! ही गोष्ट डिचोलीहून पेडण्याला आमच्या बसच्या आधी पोचली. त्यानंतर जो तो म्हणायला लागला, आमच्याकडेही नारळावर हात ठेव. बिचारी ठेवत गेली.

आता मुख्य गोष्ट. मांद्र्याला आमची खाणावळ आहे. एका दुपारी एक पर्यटक कुठून तरी उपाशीपोटी फेणी ढोसून आला, तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याचे दोन घास खाल्ले आणि आमच्या दारात भडभडा ओकला. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत मेसेज फिरला की मांद्र्याच्या खाणावळीत तिसऱ्यांतून विषबाधा, माणसं दवाखान्यात! खाली आमच्या पाटीचा फोटो. देवा रे! दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे चिटपाखरू फिरकेना. आमचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूर-बेळगावचे बांधकामावरचे लोक आणि सिंधुदुर्गातले ट्रकवाले. त्यांच्या सगळ्या ग्रुपांत तो मेसेज. स्वयंपाकाच्या बायकांना मी घरी पाठवलं. आमचे हे दारात कदेल टाकून, म्हणजे खुर्ची टाकून, रस्त्याकडे बघत बसायचे. सासऱ्यांनी उभी केलेली खाणावळ आपल्या हातून बंद पडणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

मग त्यांनी बायला समोर बसवलं. "तुझ्या मोबाइलात सगळां आसा. पयलो मेसेज कोणी धाडलो?"

बायने मोबाइल उलटा करून मेजावर ठेवला. मग म्हणाली, "माका ठावक आसा, दादा. पण सांगूचंय नाय."

अगो, निदान ठाऊक नाही म्हणायचं! तेवढं खोटं बोलली असती तर घरात शांतता तरी राहिली असती. मी भांडी आपटली. म्हटलं, सख्ख्या भावाचं पोट जळतंय आणि तुला त्या मेल्याचं नाव जपायचंय? दगड आहेस दगड! ती म्हणाली, "शिव्या घाल वयनी, तुझो हक्क आसा." यांनी मात्र शिवी दिली नाही. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं, आणि ते तिला जास्त लागलं. तरी रोज कॉलेजातून आली की ती खाणावळीत रस्त्याकडच्या मेजावर बसायची आणि एकटीच तिसऱ्या जेवायची.

आणि एका दिवशी तिने मेसेज केला. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या ग्रुपांत! शिंपल्यांचा ढीग पडलेलं ताट, मागे तिचा ओळखपत्रावर असतो तसा गंभीर चेहरा, आणि खाली लिहिलेलं, "ही खाणावळ माझ्या भावाची. मी हय रोज तिसऱ्या जेवतंय. जिवंत आसंय. खरां वाटत नसात तर येवन बघा." जी कधी हूं की चूं करत नव्हती ती बोलली म्हटल्यावर ग्रुपाग्रुपांत खळबळ उडाली. ही कोण, कधीपासून इथे आहे, आपलं काय काय वाचलंय हिने! पहिल्या मेसेजहून हा मेसेज लांब गेला. दुसऱ्या दिवशी दारात बेळगावचे गवंडी हजर. त्यांच्यातला म्होरक्या मला विचारतो, "अक्का, त्या जित्या असल्याल्या म्याडम कुठं हायत?" मी बोट दाखवलं. त्यांनी बायला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, एकमेकांकडे बघितलं आणि ताटं मागवली.

खाणावळ वाचली, पण बायचा अभ्यास बुडाला. ती बोलली म्हणजे ते सगळे ग्रुप तिच्या कामातून बाद. अभ्यासात तिला मार्गदर्शन करणाऱ्या सरांचा फोन आला तेव्हा मी जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, तांदूळ निवडत होते. "हो सर... माहीत होतं सर... नाही, चुकून नाही, मुद्दामच केलं." एवढंच ऐकू आलं. पुढे ती मागच्या पायरीवर कितीतरी वेळ बसून होती. एवढ्या वर्षांचं काम गेलं, कायमची नोकरी आणखी लांबली. त्या दिवशी यांनी विसवणाची, म्हणजे सुरमईची, सर्वांत मोठी तुकडी स्वतः तिच्या पानात वाढली आणि म्हणाले, "जेव गो." तिथेच दोघांचे डोळे भरले, आणि मला उगाचच मीठ आणायला आत जावं लागलं.

नाव मात्र तिने अजून सांगितलेलं नाही. मी काय कमी प्रयत्न केले? गोड बोलले, रागावले, आजारी पडल्याचं सोंग केलं. ती नुसती हसते. त्यामुळे आजही कुणी तिसऱ्या चाटूनपुसून खाऊन वाहवा केली की मी त्याच्याकडे संशयाने बघते.

पण एक झालं. बायने सख्ख्या भावालाही सांगितलं नाही, ही बातमी गावोगाव फिरली आणि बायका आमच्या मागच्या दाराने यायला लागल्या. अभ्यासासाठी नव्हे, नुसत्या बोलायला. मांद्र्याच्या आल्या, मोरजीच्या आल्या, नार्व्याची माझी मावशीसुद्धा आली, आणि तासभर बायशी कुजबुजून माझ्याशी एक शब्द न बोलता गेली. आपल्या घरात काय काय सांगितलं जातंय आणि आपल्याला काही कळत नाही, म्हणून माझा नुसता जळफळाट.

पुढे पुन्हा पहिल्यापासून काम करून तिने ते पुरं केलं, आणि दूर दक्षिणेतल्या एका विद्यापीठात तिला कायमची नोकरी लागली. जाण्याच्या आदल्या दुपारी खाणावळीत सामसूम झाल्यावर ती तिच्या पुस्तकांची खोकी बांधत होती आणि मी दोरी धरून बसले होते. काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. आईला न सांगितलेली, यांना न सांगितलेली, कधी कुणाला सांगीन असं वाटलं नव्हतं अशी एक गोष्ट मी तिला सांगून टाकली. तिने खोकं तसंच ठेवलं, माझ्याजवळ सरकून बसली आणि सगळं ऐकून घेतलं. शहाणपण शिकवलं नाही. मग म्हणाली, "वयनी, आता च्या कर." कित्येक वर्षांनी मला मोकळा श्वास आला.

आता ती तिकडे आहे. रोज फोन करते, जेवलीस का विचारते. मागच्या दाराने बायका अजून डोकावतात, "बाय कधी येतली?" म्हणतात आणि मी आत बोलावलं तरी आत येत नाहीत. परवा माझ्याकडेही सांगण्यासारखं काही झालंय. फोन हातात घेतला, तिचा चेहराही समोर दिसला, पण हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. अशा गोष्टी दोरी धरून शेजारी बसल्याशिवाय सांगता येत नाहीत. चतुर्थीला येते म्हणालीय. चतुर्थीला अजून खूप अवकाश आहे.