वाडीच्या गोदामातला काफिला

आमच्या ऑफिसात झाडू रोज लागतो, तरी किस्से काही झाडून निघत नाहीत. वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी वीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावत्या, फाडते आहे. आमच्या शेठजींचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर त्यांना घड्याळाचाही संशय येतो!

मुलगी बारावी पास झाली तेव्हा मी पेढे नेले. शेठजींनी पेढा उलटसुलट करून पाहिला आणि हळूच विचारलं, "ताई, नोकरी सोडून राहिल्या का?"

* * *

रायपूरला आमचे पाच ट्रक एकामागे एक जातात. शेठजी वाटेत प्रत्येक ड्रायव्हरला फोन करून बाकीच्या चौघांची चौकशी करतात. एकदा पाचही जणांनी एकच हकीकत सांगितली. शेठजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "सगळ्यांचं सारखंच? म्हणजे काही तरी शिजून राहिलं."

* * *

पाचांत वयानं मोठे राठोडकाका. बंजारा समाजाचे. रेल्वे नव्हती तेव्हा त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य घेऊन जायचे आणि मीठ घेऊन यायचे. बायका-पोरं, कुत्री, सगळा तांडा बरोबर. मुक्कामाला गोण्यांचीच भिंत रचायची आणि आत झोपायचं. चहा पिता पिता काका हे सांगत होते. एकेका तांड्यात हजार बैल असायचे म्हणाले.

"हजार? मोजले कोणी?" शेठजींनी विचारलं.

"ज्याले भरोसा नव्हता, त्यानं," काका म्हणाले.

* * *

मागच्या महिन्यात रायपूरहून फोन आला. पाचांतल्याच मुन्नाच्या ट्रकमध्ये तांदळाचं एक पोतं कमी आणि त्याच्या मागच्या, म्हणजे काकांच्या ट्रकमध्ये एक जास्त! शिवाय काकांच्या ताडपत्रीची दोरी वाटेत सोडून पुन्हा बांधलेली. शेठजींनी काकांना फोनवरच सांगितलं, परत आले की गाडीची चावी टेबलावर ठेवा आणि घरी जा.

काका आले. चावी ठेवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, बोला ना काही."

"मुन्नाचं पोतं रस्त्यात पडलं होतं. मी उचललं, माझ्या गाडीत टाकलं. चोरायचं असतं तर गाडीत ठेवून रायपूरले नेलं असतं का?"

"मग फोन काहून नाही केला?" शेठजी म्हणाले.

"पुढच्याचं पडलं तर मागच्यानं उचलावं. त्याचं नाव सांगत फिरू नये. आमच्या तांड्याची रीत आहे."

मुन्ना दारात उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, दोरी माझीच ढिली राहिली होती.

शेठजींनी चावी काकांकडे सरकवली. "उद्यापासून तुमची गाडी सगळ्यात मागं."

काकांनी चावीला हात लावला नाही. "अन् माझं पडलं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच ट्रक फाटकातून निघाले. शेवटचा काकांचा. त्याच्या मागे शेठजींची पांढरी कार.