कुंकवापाशी अडणारं गाणं

प्रल्हाद नागपूरहून डेट्रॉइटला शिकायला गेले, तेव्हा सोल संगीतातल्या एका गाण्यानं अख्ख्या अमेरिकेला वेड लावलं होतं. चर्चमध्ये गळा तयार झालेल्या एका बाईचं गाणं. काळ्यांच्या वस्तीतून निघालं आणि बघता बघता गोऱ्यांच्या लग्नात नाचायला लागलं. पुढे मोटारींच्या जाहिरातीत गेलं, आणि हल्ली तर सुपरमार्केटात भेंडी निवडतानाही कानावर पडतं.

पहिल्या पगारातून प्रल्हादांनी त्याची सिंगल, म्हणजे छोटी रेकॉर्ड, घेतली. त्या वर्षी खंडेनवमीला नव्या नवरीच्या उत्साहात वीणाबाईंनी अवजारांच्या पूजेत रेकॉर्ड प्लेअर मांडला आणि ओल्या कुंकवाचं बोट थेट रेकॉर्डवर टेकवलं! नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कुंकू खाचेत सुकून बसलं ते बसलंच. तेव्हापासून ती गाणारी बाई तिथं आली की 'वेट, वेट, वेट' करत अडून राहायची, आणि वीणाबाई हात पुसत येऊन सुई पुढे ढकलायच्या.

"सगळ्या अमेरिकेचं गाणं सरळ जातं, आमचंच मेलं अडतं," हे प्रल्हाद जन्मभर ऐकवत राहिले.

"अडतं म्हणून तरी तुमच्याजवळ येते मी," वीणाबाईही कमी नव्हत्या.

२००६ साली त्या गेल्या. प्रल्हाद पार खचले. मुलानं, सुशांतनं, त्यांना रेडमंडला आपल्या घरी आणलं. रेकॉर्ड प्लेअरही आणला. पण त्याला हात लावायचा त्यांना धीर होईना. खंडेनवमी आली तेव्हा मात्र स्वतःच म्हणाले, "सुशांत, आईचं गाणं लाव रे. पूर्वी लागायचं तसं."

सुशांत खुशीत होता. "बाबा, सरप्राइज! तुम्ही कायम त्या स्किपवर वैतागायचात ना? रेकॉर्ड प्रोफेशनली क्लीन करून आणलीय. एकदम नव्यासारखी झालीय."

म्हणजे कुंकूही गेलं, प्रल्हादांच्या मनात आलं. आपल्याच कुरकुरीचं हे फळ.

सुई टेकली. ती जागा जवळ आली तशी त्यांची नजर सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. गाणारी बाई एकदाच 'वेट' म्हणाली आणि पुढे निघून गेली.

"कसं वाजतंय?"

"छान. आता कुठंच अडत नाही," ते म्हणाले, आणि लेकासमोर ओक्साबोक्शी रडू लागले.