कणकवलीचा कॉल

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या जुन्या वर्तमानपत्रांसारखे ते आपोआप साठतात आणि एक काढायला गेलं की खालून दुसरा निघतो. आम्ही चौघी टेलिफोन खात्यातल्या ट्रंक ऑपरेटर. म्हणजे परगावचा फोन थेट लागत नव्हता त्या काळी कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात कॉर्ड खुपसून तो जोडून देणाऱ्या बायका! रिटायर होऊन जमाना झाला, तरी महिन्यातून एकदा दादरला मिसळ खायला भेटतो. मिसळ अर्ध्या तासात संपते.

*

नीलमचं लग्न बोर्डावरच जमलं. गिरगावातला एक तरुण दर शनिवारी दुपारी पुण्याचा कॉल बुक करायचा. लाईन मिळायला वेळ लागे, तोवर स्वारी नीलमशी हवापाण्याच्या गप्पा मारी. आणि लाईन मिळाली की पुण्याला फोन कोणी उचलायचंच नाही! दीड-दोन महिने गेल्यावर नीलमने विचारलं, "अहो, पुण्यात तुमचं आहे तरी कोण?"

"कोणी नाही. आमचं ऑफिस आहे. शनिवारी दुपारी बंद असतं."

पुढच्या मार्गशीर्षात लग्न! आता हेच मिस्टर दिवसभर सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. नीलम म्हणते, "जेवायला या, हे सांगायला मला व्हॉट्सॲप करावं लागतं. हॉल आणि किचनमध्ये लाईनच मिळत नाही!"

*

हसायला न येणारा आमच्यात एकच किस्सा आहे, तो सुलभाचा. सुलभा राणे राहते लालबागला, माहेर कणकवलीचं. तिकडे आई आजारी पडली, तेव्हा थोरल्या बहिणीने, शैलाने, पोस्टात जाऊन मुंबईला कॉल बुक केला. आमच्याच एक्स्चेंजला, सुलभासाठी. कॉलची चिठ्ठी नेमकी सुलभाच्याच बोर्डावर आली. कणकवलीची लाईन एकच, आधी सात कॉल रांगेत. आम्ही सगळ्या कुजबुजलो, "वर घे गं, कोण बघतंय!" पण घरचा कॉल मध्ये घुसवायचा नाही, हा आमचा दंडक होता. सुलभाने चिठ्ठी आठवी लावली.

त्या कॉलचा नंबर आला तेव्हा शैला वाट बघून पोस्टातून निघून गेली होती. सुलभा गावी पोचली ती आई गेल्यावर. दारातच शैला म्हणाली, "सगळ्या मुंबयचे फोन जोडतस, माझो एक जोडूक जमला नाय तुका?"

तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. लग्नकार्यात भेटतात, एका पंगतीत जेवतात, पण शब्द नाही.

*

खात्याने सुलभाला घरी फोन दिला, तो चाळीतला पहिला. मग काय, साठ बिऱ्हाडांचा तोच नंबर! लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, जिथे तिथे राण्यांचा नंबर आणि पुढे 'पीपी', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलावून देतील.

चौथ्या मजल्यावरच्या मालूची सोयरीक त्याच फोनवर चालली होती. रिसीव्हर मालूच्या वडिलांकडे, मागे घरची आठ माणसं उभी, आणि पलंगावर गिरणीतून रात्रपाळी करून आलेले सुलभाचे मिस्टर डोक्यावर उशी दाबून पडलेले. पलीकडून मानपानाचा एकेक मुद्दा निघतोय, इकडून "हो हो, विचार करतो" चाललंय. पाऊण तासाने मिस्टर उठले, रिसीव्हर हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "पोरगी पसंत आहे ना? मग तारीख सांगा, मला झोपायचंय!"

तारीख ठरली.

*

आमच्यातल्या चौथ्या कामतबाई, पुढे आमच्याच सुपरवायझर झालेल्या. त्यांच्या मुलाने हौसेने पेजर घेतला. एके दुपारी तो परळच्या भर बाजारात वाजला, 'घरी ताबडतोब फोन कर.' पोराच्या तोंडचं पाणी पळालं. धावत एसटीडी बूथ गाठला, रांगेतल्या लोकांच्या हातापाया पडून फोन लावला.

"काय झालं आई?"

"काही नाही रे. चालतो का ते बघितलं!"

आता याच कामतबाई आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय दुसरीने मेसेज टाकायचा नाही, असा त्यांचा नियम! मी एकदा नातवाचा फोटो टाकला, तर लगेच उत्तर आलं, "थांब. तुझा नंबर तिसरा आहे."

*

मागच्या महिन्यात मिसळ समोर आली, तरी सुलभा पाव हातात धरून नुसतीच बसली होती. मग हळूच म्हणाली, "शैलाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे सोमवारी. खूप घाबरलीय म्हणतात."

"मग फोन कर ना!"

"नंबर आहे गो माझ्याकडे. भाचीने कधीच दिलाय. पण मी केला आणि तिने ठेवून दिला, तर?"

तो नंबर मी मागून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी परळला माझ्या पलंगावर बसून मी आयुष्यभर केलं तेच केलं. आधी शैलाला फोन लावला. "मुंबईहून कॉल आहे. लाईनवर राहा." कोणाचा, हे तिने विचारलं नाही. मग सुलभाला लावला, दोन्ही कॉल एकत्र जोडले आणि म्हटलं, "कणकवली आहे. बोला."

दोघींचे श्वास तेवढे ऐकू येत होते. कणकवलीला कुकरची शिट्टी झाली. ऑपरेटरने मध्ये तोंड घालायचं नसतं, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. आपण नसता उद्योग तर केला नाही ना? ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की आम्ही गिऱ्हाइकाला विचारायचो. काटा तिथे आला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?"

कणकवलीहून आवाज आला, "वाढवा."

इकडे सुलभाला हुंदका फुटला. "शैला..." म्हणाली आणि एकदम माझ्यावर घसरली, "वंदू, तू आधी लाईन सोड गो!"

"अगं, मी सोडली तर तुमचीपण तुटेल!"

"मगे कान बंद कर!"

मी फोनला चार्जर लावला, पलंगावर पालथा ठेवला आणि दार ओढून गॅलरीत जाऊन बसले.