डोक्यावर काहीतरी चालतं

पोळ्यानंतर माझ्या डोक्यात काहीतरी चालायला लागलं. आधी टाळूवर, मग कानामागं, मग थेट मानेपर्यंत. आम्ही कळमनुरीकडची मेंढरं राखणारी माणसं. अंगावरचे किडे कसे शोधायचे हे मला कोणी शिकवायला नको. मेंढीच्या कानात बोट घातलं की गोचीड हाताला लागतो, आणि स्वतःच्या डोक्यातलं काही सापडत नाही, याचा मला भयंकर राग यायचा.

बायको रोज दुपारी माझं डोकं मांडीवर घेऊन बघायची. थोड्या वेळानं तिच्या अंगठ्यांच्या नखांत टच्च वाजायचं. "मेली ऊ," ती म्हणायची. मला बरं वाटायचं, डोळा लागायचा. घंटाभरानं पुन्हा सुरू.

हिंगोलीच्या कातडीच्या डॉक्टरनं भिंग लावून पाहिलं आणि काहीच नाही म्हणाला. शुगर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह अशा रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. नसांमुळं असं होतं, काळजीमुळंही होतं, म्हणाला, आणि मनाच्या डॉक्टरला दाखवा असं सुचवलं. मी तडकलो. घरी एवढ्या उवा मारल्या, त्या काय हवेतून आल्या? तपासणी न करताच परतलो. गोचीड मरतो तर उवांची काय कथा, असं म्हणत मेंढरांचं औषध पाण्यात कालवून डोक्यावर ओतलं. टाळू सोलून निघाली, डोळे सुजले. चालणं काही थांबलं नाही.

शेवटी बाजाराच्या दिवशी न्हाव्यापुढं बसलो आणि सगळं डोकं भादर म्हणालो. त्याचा वस्तरा हातातच राहिला. बाप हयात असताना आमच्यात कोणी डोक्याचं चकोट करत नाही.

"म्हातारा गेला का?" त्यानं विचारलं.

"कर गुमान," मी म्हणालो.

घरी वडील दारातच बसलेले. माझं डोकं बघून त्यांचा चेहरा उतरला. "मी जित्ता हाय की रं अजून," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडं बघवेना. आत जाऊन आरसा घेतला. एक केस नाही, कशाला लपायला जागा नाही. आरशात काहीच दिसत नव्हतं, आणि तरी त्या उघड्या डोक्यावरून ते सावकाश मानेकडं निघालं. तेव्हा मी घाबरलो. आपल्याला वेड लागलंय, असं पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपी घालून, बायकोला घेऊन मनाच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर बाई होत्या. याला कारणं बरीच असतात, आधी रक्त बघू, वेड वगैरे म्हणायची घाई नको, असं त्यांनी सांगितलं. मग बायकोकडं वळल्या. "तुम्हाला किती उवा सापडल्या?"

मी निर्धास्त होतो. साक्षीदार माझी होती.

ती पदराचं टोक पिळायला लागली. "एकबी न्हाई," म्हणाली. "मी नुसती नखं वाजवत होते. वाजवलं की हे लेकरावानी झोपायचे."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाईंना म्हणालो, "काय तपासायचं ते तपासा."